धकात्यांचा चौथा रकाना

दिनांक १४ जून १९७३, गुरुवार. ठरलेली वेळ सकाळी अकरा. प्रत्यक्ष सुरुवात बारा वाजून दहा मिनिटांनी. स्थळ, आमच्या कक्षाची मोठी खोली.

हजर: अध्यक्ष म्हणून आमचे साहेब. सदस्य डॉक्टर. कारखानदारांचे प्रतिनिधी. टिपण घ्यायला मी, पोहनकर बाई, वरिष्ठ लिपिक. गैरहजर: कामगारांचे प्रतिनिधी, कारण बैठकीचं पत्र त्यांना बैठक संपल्यावर मिळेल अशी सोय आमच्या टपालाने केली होती.

हे हजेरीपत्रक माझ्याच अक्षरात आहे आणि ते चुकीचं आहे. खोलीत आणखी एक माणूस होता. हरिभाऊ धकाते. ते दोन तास उभे होते. नऊ फूट लांबीच्या एका तक्त्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलेलं आणि दुसरं धकात्यांच्या हातात. भिंतीत खिळा ठोकायला बांधकामवाल्यांची लेखी परवानगी लागते. ती मागून तेव्हा चौदा महिने झाले होते. खिळा हजर नव्हता, म्हणून धकाते हजर होते. खिळ्याचं नाव हजेरीत लिहायची पद्धत नाही.

आमच्या कक्षाचं काम सांगायला सोपं आहे. यंत्रात हात, पाय, बोटं गेलेल्या कामगाराला दुसरा धंदा शिकवायचा आणि पुन्हा कामाला लावायचं. त्यासाठी तीन वर्ग मंजूर होते. खुर्च्या विणणं, शिवणकाम, आणि काटा-वजन-नोंदणी. पहिल्या दोन कामांना दोन हात लागतात आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांजवळ एकच असे. त्यामुळे त्यांना अपात्र ठरवायला फार वेळ जात नसे. तिसरा वर्ग खरोखर उपयोगाचा होता. म्हणून त्याच्या खर्चाची मर्यादा अजून ठरली नव्हती.

मर्यादा ठरवण्याबाबत वरून एक पत्र आलं होतं. "शेजारच्या राज्यांत काय नियम व किती खर्च आहे, याचा तुलनात्मक तक्ता सादर करावा. त्यानंतरच विचार करण्यात येईल." हे पत्र आलं तेव्हा मी नोकरीत नवीन होते. तक्ता करायचं काम धकात्यांकडे गेलं, आणि पुढे धकाते म्हणजे तक्ता आणि तक्ता म्हणजे धकाते असं झालं.

धकाते मूळचे उमरेडचे, विणकर घरातले. हातमागावर घर चालेना तेव्हा नागपुरात एका गिरणीत लागले. गिरणीच्या यंत्राने त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं घेतली, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ठेवलं. आमचा कक्ष उघडला त्या आठवड्यात पहिला अर्ज त्यांचाच आला. कक्षात अर्ज घ्यायलाही माणूस नव्हता. तेव्हाच्या साहेबांनी अर्जदारालाच अर्ज घ्यायला बसवलं. नेमणूक तात्पुरती, पुढील आदेशापर्यंत. पुढील आदेश यायला सात वर्षं लागली. तेवढ्या काळात आमच्या दर वार्षिक अहवालात एक ओळ कायम होती: "यशस्वी प्रकरणे: एक." ते एक म्हणजे धकाते.

यशस्वी प्रकरण असण्याची काही कर्तव्यं असतात. दर एप्रिलमध्ये धकात्यांना डॉक्टरांचा दाखला द्यावा लागे की अपंगत्व अजून चालू आहे. डॉक्टर हात उलटसुलट करून पाहत, मोजत आणि लिहीत, "दोन." एकदा धकात्यांनी मला विचारलं, "बाई, हे दर साली काहून मोजते? वाढून राह्यले का पाहाले?"

एकदा मुंबईहून मोठे साहेब तपासणीला आले. त्यांना यशस्वी प्रकरण दाखवायचं होतं. धकात्यांना पांढरा सदरा घालून यायला सांगितलं होतं. मोठ्या साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेने विचारलं, "पुनर्वसन झाल्यावर कसं वाटतं?"

धकाते म्हणाले, "झालं की सांगतो, साहेब."

मोठे साहेब हसले. त्यांना वाटलं नागपूरची माणसं विनोदी असतात. आमचे साहेब हसले नाहीत, कारण त्यांना धकाते माहीत होते.

आता तक्त्याबद्दल. धकाते तो डाव्या हाताने आखत. उजव्या हाताची उरलेली दोन बोटं पट्टीवर चिमट्यासारखी बसत, आणि पट्टी जागची हलत नसे. आमच्या कक्षात दोन्ही हात शाबूत असलेली चार माणसं होती, त्यांच्यापैकी एकालाही सरळ रेघ मारता येत नव्हती. राज्यांचे रकाने उभे, नियमांच्या ओळी आडव्या. ते म्हणत, "उभा ताना, आडवा बाना. कपड्यात आन् तक्त्यात फरक एकच, बाई. कपडा आंगावर घालता येते."

रकाने चार. तीन शेजारच्या राज्यांचे आणि चौथा आपला. राज्यांची नावं मी इथे लिहीत नाही. पेन्शनीला अजून चार वर्षं आहेत. शिवाय धकात्यांनी ठेवलेली नावं जास्त कामाची होती. ज्या राज्याबरोबर नागपूर पूर्वी एकाच घरात नांदलं, ती थोरली जाऊ. समुद्राकडची ती नणंद. दक्षिणेची ती विहीण. ऑफिसात सगळे हीच नावं वापरत. साहेबसुद्धा चिडले की ओरडत, "नणंदेचं उत्तर आलं का?" आणि बाहेर बाकावर बसलेल्या लोकांना वाटे, साहेबांच्या घरी काहीतरी बिनसलंय.

कागद जोडायला ऑफिसचा डिंक मिळत नसे, म्हणून धकाते घरून खळ करून आणत. तांदळाची, सुताला देतात तशी. त्या खळीने जोडलेला सांधा बोट फिरवून कळत नसे. "गाठ मारनं सोपं हाय, बाई. गाठ दिसू न देनं कठीन." हे त्यांचं आवडतं वाक्य. ते मी वर्षातून तीस-चाळीस वेळा ऐकलं असेल आणि प्रत्येक वेळी खरं निघालं.

पण तांदळाची खळ उंदरांनाही आवडते. ही चूक विणकराच्या लक्षात यायला हवी होती. घरी मागावर रात्रंदिवस माणूस असतो, ऑफिसात पाचनंतर उंदीरच असतात, हा फरक ते विसरले. एका सोमवारी कपाट उघडलं तर नणंद गेलेली. अख्खा रकाना, वरपासून खालपर्यंत, कुरतडून. थोरली जाऊ आणि विहीण जशाच्या तशा. मी साहेबांना तसं कळवलं. साहेबांनी विचारलं, "मूळ पत्र कुठंय?" मूळ पत्रही तक्त्यालाच चिकटवलेलं होतं. खळीने.

मग नणंदेला नवीन पत्र गेलं. कारणाच्या जागी धकात्यांनी खरं ते लिहिलं: "आपले उत्तर उंदराने खाल्ले." मी खोडून "गहाळ झाले" असं केलं. चार महिन्यांनी उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की याबाबतीत आम्ही विहिणीचा नियम पाळतो. विहिणीचं उत्तर आमच्याकडे आधीच होतं. ती म्हणत होती, थोरल्या जावेचा नियम आदर्श मानून आम्ही चालतो. थोरल्या जावेचं उत्तर सगळ्यांत शेवटी आलं, आणि ते पुढे सांगते. कारण ते येण्याआधी गणपत आला.

गणपत बावणे खाप्याचा. एका डाळ मिलमध्ये हमाल होता. पट्ट्यात उजवा हात गेला, मनगटापासून. सदऱ्याची बाही दुमडून टाचणी लावलेली. एप्रिलच्या उन्हात बायकोला घेऊन आला. बायकोचं नाव सुभद्रा. बोलायचं काम तिनेच केलं.

"बाई, मालक म्हनते काट्याची जागा दिवाळीपर्यंत खाली ठेवतो. तुमचा सर्टिफिकिट आनला तं याले घेतो, नाही तं दुसरा मानूस पाह्यतो. आता तुमी सांगा."

मी यादी काढली. अर्ज, दाखला, मालकाचं पत्र, सगळं होतं. असं आमच्याकडे फार क्वचित होत असे. काट्याचा वर्ग दोन जुलैला सुरू होणार होता, तीन महिन्यांचा. त्यात बसला तर दिवाळीआधी सर्टिफिकेट हातात. नाही बसला तर पुढचा वर्ग जानेवारीत, तोवर मिलमध्ये दुसरा माणूस. खाप्याहून रोज येणं-जाणं शक्य नव्हतं, नागपुरात तीन महिने राहायचं तर खर्च मंजूर व्हायला हवा. आणि खर्च मंजूर व्हायचा तर मर्यादा ठरायला हवी, आणि मर्यादा ठरायची तर तक्ता.

"तक्ता म्हन्जे काय वं?" सुभद्राने मला विचारलं. तेवढ्यात धकाते उठून आले.

"लिहिता येते काय गा?" त्यांनी गणपतला विचारलं.

"उजव्या हातानं येत होतं," गणपत म्हणाला. आल्यापासूनचं हे त्याचं पहिलं वाक्य. "डाव्यानं शिकून राह्यलो. पोरीच्या पाटीवर."

धकात्यांनी त्याच्यापुढे कागद आणि पेन्सिल ठेवली. गणपतने कागद सरळ धरला, मनगट वाकडं केलं, आणि घामाघूम होऊन 'एक क्विंटल' लिहिलं. क्विंटल कागदाबाहेर गेला.

"हात काहून वाकवतं? कागद तिरपा धर." धकात्यांनी कागद फिरवून दिला. "उजव्यावाले लोक सांगतात हात असा ठेव, तसा ठेव. त्याहिचं ऐकू नको. कागद आपल्याकडं वळवाचा. हं. आता लिही."

गणपतने लिहिलं. वाकडं होतं, पण कागदातच राहिलं.

सुभद्रा बघत होती. "तुमचा बी हात गेला वाटते, भाऊ?"

"अर्धा," धकाते म्हणाले. "अर्ध्यातच सरकारी नोकरी लागली. पुरा गेला असता तं साहेब झालो असतो."

त्यानंतर दर बुधवारी गणपत खाप्याहून येई. धकाते जेवणाच्या सुट्टीत त्याला आकडे गिरवायला लावत. मी माझ्या यादीत लिहून ठेवलं होतं: "बावणे. मुदत २ जुलै." दर सोमवारी यादी वाचताना या ओळीखाली रेघ मारत होते. त्याने काही झालं नाही, पण ओळ ठळक झाली.

मे महिन्यात थोरल्या जावेचं उत्तर आलं. तिने फार नम्रपणे कळवलं होतं की आमच्याकडे अजून एकत्र असतानाच्या जुन्या प्रांताचं परिपत्रक लागू आहे, प्रशिक्षणाचा खर्च त्यानुसारच मंजूर होतो, मात्र मूळ प्रत आमच्याकडे नाही. मूळ प्रत ज्या ठिकाणी निघाली तिथेच असावी. म्हणजे नागपुरात. सबब, सापडल्यास एक नक्कल आम्हालाही पाठवावी.

धकात्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, "नणंद विहिनीकडं बोट दाखवते. विहीन जावंकडं. जाऊ आपल्याकडं. सात साल मी चार घरचा तक्ता करून राह्यलो, आन् चारी घरी पीठ एकाच चक्कीचं."

मे महिन्यातली नागपूरची रेकॉर्ड रूम ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगून समजणार नाही. पत्र्याचं छप्पर, लाल फडक्यांत बांधलेले गठ्ठे, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर बोटभर धूळ. धकाते आठ दिवस तिथे होते. नवव्या दिवशी एक पिवळा कागद घेऊन आले. परिपत्रक आमच्याच इमारतीत निघालेलं होतं. भाषा जुनी, हेतू स्वच्छ. कलम तीन: अशा प्रशिक्षणाचा खर्च स्थानिक अधिकाऱ्यानेच मंजूर करावा, वर विचारीत बसू नये.

मी तो कागद त्याच दिवशी साहेबांपुढे ठेवला. मला वाटलं, काम झालं. मी व्यवस्थित माणूस असल्यामुळे असं मला अधूनमधून वाटतं.

साहेब म्हणाले, "बाई, हा जुन्या प्रांताचा कागद आहे. तो प्रांतच राहिला नाही. मेलेल्या माणसाची सही चालते का?"

"पण साहेब, थोरली जाऊ अजून चालवते."

"ते त्यांनी पाहावं. आपल्याला तुलना सांगितली आहे. शोध सांगितला नाही."

मी बाहेर आले. धकाते दाराशीच होते, सगळं ऐकलेलं. ते म्हणाले, "तं मंग तुलनाच देऊ." आणि तक्ता काढून बसले. थोरल्या जावेच्या रकान्यात त्यांनी ते सगळं परिपत्रक कलमवार उतरवलं. विहिणीच्या रकान्यात तेच. नणंदेच्या रकान्यात तेच. एक अक्षर खोटं नव्हतं, कारण तिघीही खरोखर तेच पाळत होत्या. चौथ्या रकान्यात, म्हणजे आपल्या, त्यांनी काही लिहिलं नाही.

तक्ता तपासणं माझं काम. बैठकीच्या आदल्या दिवशी मी एकेक ओळ मूळ कागदाशी ताडून पाहत खाली आले आणि कलम सातला थांबले. "अशा रीतीने कामावर घेतलेला अपंग इसम तीन वर्षांहून अधिक काळ तात्पुरता ठेवू नये. त्यास कायम करावे, अथवा मुक्त करावे."

मी धकात्यांकडे पाहिलं. ते खळीची वाटी धूत होते.

"हे वाचलंत?"

"मीच लिवलं नं, बाई."

"ही ओळ साहेबांनी पाहिली तर तुमचं काय होईल कळतं का?"

"कायम होईन. नाही तं घरी जाईन. रुपया फेकला तं दोन्हीपैकी एकच बाजू पडते."

मी आजवर सरकारी कागदात खाडाखोड केलेली नाही, "उंदराने" हा एक शब्द सोडून. त्या दिवशी मी खालच्या आवाजात म्हटलं, "धकाते, उद्या ही शेवटची ओळ उंदराने खाल्लेली असली तर कोणी विचारणार नाही. गणपतचं काम कलम तीनवर होतं. सातची गरज नाही."

त्यांनी वाटी पुसून पालथी ठेवली. त्यांच्या घरी उमरेडला बायको, म्हातारी आई आणि लग्नाची मुलगी होती हे मला माहीत होतं. त्यांना तर होतंच.

"बाई," ते म्हणाले, "कपड्याच्या ठानातून एक धागा वढला का नाही, तं गिऱ्हाइकाले दिसत नाही. पन विननाऱ्याले दिसते. आन् उद्या कोनी म्हनलं, हा कागद अर्धा हाय, बाकीचा कुठी गेला? तं गनपतचं कलम बी त्याच्यासंगच जाईन. अख्खं राहू द्या."

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. तिची हजेरी वर दिली आहे. धकाते टोक धरून उभे होते. साहेबांनी चष्मा लावून पहिला रकाना वाचला, मग दुसरा, मग तिसरा. त्यांचा चेहरा उजळत गेला.

"पाहा," ते कारखानदारांच्या प्रतिनिधींना म्हणाले, "याला म्हणतात पुरोगामी राज्यं! खर्च जागेवर मंजूर. तिन्ही राज्यांत एकच पद्धत, एकच भाषा. केवढा हा समन्वय! आणि आपण?"

डॉक्टर म्हणाले, आपण मागे आहोत. कारखानदारांचे प्रतिनिधी म्हणाले, फार मागे. तीन आठवड्यांपूर्वी मेलेल्या माणसाच्या सहीचा म्हणून परत केलेला कागद एकमताने आणि कौतुकाने मंजूर झाला. मी टिपण घेतलं. उभं राहून धकात्यांचा हात खाली येत चालला होता, म्हणजे तक्ता खाली येत चालला होता. साहेब म्हणाले, "नीट धरा हो." मग ते सातव्या कलमापाशी आले, ते वाचलं, धकात्यांकडे पाहिलं, आणि पुन्हा वाचलं.

गणपतचा आदेश पंचवीस जूनला निघाला. दोन जुलैला तो वर्गात बसला. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस सुभद्रा ऑफिसात आली. नवऱ्याला काट्याची जागा मिळाली होती. पदरात बांधून तिने पसाभर तुरीची डाळ आणली होती. "धकाते भाऊ कुठी हायेत?" तिने विचारलं. मी सांगितलं, ते आता इथे नसतात. "बदली झाली काय वं?" मी म्हटलं, तसंच काहीसं.

कारण धकात्यांचा आदेशही पंचवीस जूनलाच निघाला होता. एकाच जावक क्रमांकाखाली, अ आणि ब. अ, बावणे यांस प्रशिक्षण मंजूर. ब, धकाते यांस शेजारच्या राज्यांच्या पुरोगामी धोरणास अनुसरून तीस जूनपासून मुक्त करण्यात येत आहे, कारण त्यांचे पुनर्वसन पूर्ण झाले आहे. त्या वर्षीच्या अहवालात माझ्याच हाताने ओळ लिहिली गेली, "यशस्वी प्रकरणे: दोन." इतकी प्रगती आम्ही त्याआधी कधी केली नव्हती.

आदेश निघाला तेव्हा मी आत गेले होते. म्हटलं, "साहेब, कलमात 'कायम करावे' हे आधी आहे. 'मुक्त करावे' नंतर."

साहेब वाईट माणूस नव्हते. ते वैतागून म्हणाले, "बाई, मला का कळत नाही? पण कायम करायचं तर वर विचारावं लागेल. वरचे म्हणतील, अशा माणसाला कायम करण्याची इतर राज्यांत काय पद्धत आहे, त्याचा तुलनात्मक तक्ता पाठवा."

"मग पाठवू."

"कोण करणार? तक्ता करणारा तर मुक्त झाला."

मी म्हटलं, मी करते. साहेबांनी कागदावर शेरा मारला, "पोहनकर बाईंनी तक्ता सादर करावा." माझ्या यादीत ते काम त्या दिवशी पहिल्या क्रमांकावर गेलं.

तीस जूनला, शनिवारी, धकात्यांनी टेबल पुसलं. पट्टी, पेन्सिल, रबर मोजून माझ्या ताब्यात दिलं. खळीची वाटी घरची होती, ती रुमालात बांधली. तक्त्याची त्यांनी लुगड्याची घालतात तशी घडी घातली, ती माझ्यासमोर ठेवली, आणि चौथ्या रकान्यावर दोन बोटं टेकली.

"हा कोरा ठेवला, बाई. मागावरून कपडा काढतो नं आमी, तं ताना सारा कापत नाही. हातभर टोकं मागालेच राहू देतो. नवा ताना त्यालेच सांधाचा. टोकं नसन तं पह्यल्यापासून माग भरा लागते." मग म्हणाले, "तुमी जे करान ते याच्यात लिहा."

मी लगेच कामाला लागले. मी काम उशिरा सुरू करणारी नाही. तिन्ही राज्यांना जुलैतच पत्रं गेली: आपल्याकडे यंत्रावर अपंग झालेला, तात्पुरता नेमलेला माणूस कायम कसा करतात? नणंदेने विहिणीकडे बोट दाखवलं. विहिणीने थोरल्या जावेकडे. थोरल्या जावेने कळवलं, असं प्रकरण आमच्याकडे अद्याप उद्भवलेलं नाही, आपल्याकडे एक असल्याचं कळतं, तरी आपण काय केलं ते कळवावं, म्हणजे आम्हालाही त्याप्रमाणे करता येईल.

आपण काय केलं ते लिहायचं तर चौथ्या रकान्यात "मुक्त केले" असं लिहावं लागतं. तसं लिहिलं, की तिन्ही राज्यं उद्यापासून तेच करणार आणि खाली लिहिणार, नागपूरच्या पद्धतीनुसार. म्हणून मी लिहिलं नाही. "कायम केले" असं लिहावं, तर ते केलेलं नाही. दरवर्षी प्रस्ताव वर पाठवते. दरवर्षी तो परत येतो, तक्ता अपूर्ण म्हणून.

मुक्त झाल्यावर धकाते मला एकदाच दिसले. दोन वर्षांनी, थंडीत, मी उमरेडला माझ्या भाचीकडे गेले होते तेव्हा. एका घराच्या ओसरीत मागावर नवा ताना सांधायचं काम चाललं होतं. शेकडो धागे, जुन्याचं टोक नव्याच्या टोकाला, एकेक वळून जोडायचं. डाव्या हाताची तीन बोटं आणि उजव्याची दोन. शेजारचा दोन हातांचा माणूस भराभर पुढे जात होता. धकाते मागे होते, पण थांबत नव्हते. मी उभी राहिले तेव्हा त्यांनी वर पाहिलं. आश्चर्य वाटल्यासारखं काही दिसलं नाही.

"बसा, बाई. चहा ठेव वं!" असं आत ओरडून त्यांनी हातातला धागा पुरा केला. मग विचारलं, "गनपत हाय नं काट्यावर?"

"आहे. आता वजनाची वही त्याच्याच हाती आहे."

"कागद तिरपाच धरते?"

"मी पाहिलं नाही."

"पाहा एकदा." पुढचा धागा घेत ते म्हणाले, "आन् आपला रकाना? भरला काय?"

मी म्हटलं, अजून नाही. त्यांनी मान हलवली. रागावल्यासारखी नव्हे, आणि माफ केल्यासारखीही नव्हे. मागचा धागा कुठे संपला ते पाहून पुढचा घेतात, तशी. चहा झाला. निघताना मी वळून पाहिलं तेव्हा त्यांची पाठच दिसत होती.

ते गेल्याला आता सहा वर्षं झाली. भाचीच्या पत्रातून कळलं.

बांधकामवाल्यांची परवानगी मात्र आली. खिळा मोठ्या खोलीच्या भिंतीत ठोकला गेला, एक नाही, दोन. जुना तक्ता मी तिथे टांगला आहे. जोड अजून कुठे दिसत नाही. आता तो धरायला माणूस लागत नाही. बैठकीला येणारे साहेब, आताचे तिसरे, तीन भरलेले रकाने पाहून समाधान व्यक्त करतात आणि चौथ्याकडे बोट दाखवून विचारतात, "बाई, हे राहिलं वाटतं?"

आजच्या यादीत सतरा कामं आहेत. सोळा संध्याकाळपर्यंत होतील.

क्रमांक एक: चौथा रकाना.